हौसेला मोल असतं, पण ते पंपावर कळत नाही



गेल्या काही महिन्यांत इथल्या मराठी मंडळींत एकच चर्चा वेगवेगळ्या तोंडून ऐकली. तिशी-पस्तिशीचा माणूस, बऱ्यापैकी नोकरी, अल रीम आयलंडवर भाड्याचा फ्लॅट, आणि डोक्यात एक जुनी स्पोर्ट्स कार. कुणाला निस्सान ३५० झी हवी, कुणाला मझदा एमएक्स-५, एखाद्याला थेट पोर्श बॉक्सस्टर. आणि ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" उत्तर ऐकलं की सगळे माना हलवतात, "नाही रे बाबा परवडणार" म्हणतात, आणि गाडी परत एकदा कोरोलावर येऊन थांबते.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच चुकीचा आहे. जुनी स्पोर्ट्स कार या देशात पेट्रोलमुळे महाग पडत नाही. ती दोन कारणांनी महाग पडते. एक, ती चालवली नाही तरी म्हातारी होते. दोन, नड आली की ती लवकर विकली जात नाही. आणि आपण सगळे इथे नोकरीच्या व्हिसावर राहतो, त्यामुळे दुसरं कारण पहिल्यापेक्षाही मोठं आहे. आकड्यांनिशी सांगतो. मी आयटीवाला, मेकॅनिक नाही, पण एक्सेल सगळ्यांनाच येतं.

हे खूळ येतं कुठून तेही सांगून टाकतो, म्हणजे ज्येष्ठ मंडळी फार रागावणार नाहीत. आमच्या पिढीने इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर रात्र-रात्र "नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २" खेळलंय. २००४ सालचा तो गेम, आणि त्याच्या कव्हरवरच ३५० झी होती. पुण्यात स्प्लेंडरवर तिघं बसून जाणाऱ्या पोरांना तेव्हा ती गाडी चंद्रावरची वाटायची. इथे आल्यावर कळतं की तीच गाडी, पंधरा वर्षांहून जुनी, एखाद्या चांगल्या सेकंडहँड कॅमरीच्या किमतीत मिळते. मग झोप उडणारच.


१) आधी पेट्रोलच बघून घेऊ

३५० झी चं इंजिन साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. अमेरिकन सरकारी आकड्यांप्रमाणे असल्या गाडीचं शहर-हायवे मिळून सरासरी २० एमपीजीच्या आसपास येतं. इथे पहिली गोम आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. त्यामुळे ब्रिटिश मासिकातले २८ एमपीजी म्हणजे अमेरिकेतले साधारण २३. इंटरनेटवर दोन्ही आकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि लोक हमरीतुमरीवर येतात. (इथल्या पंपांवरसुद्धा २०१० पर्यंत ब्रिटिश गॅलनच चालायचा, त्यामुळे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून "गॅलनला इतके" असतं.) सरळ आपल्या भाषेत आणायचं तर अमेरिकन २० एमपीजी म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर.

हे झालं कागदावरचं. रीमवर राहणाऱ्याला साडेआठ मिळणार नाहीत. आपल्या फेऱ्या छोट्या: रीमवरून अल मरिया, रीमवरून कॉर्निशच्या बाजूला ऑफिस, संध्याकाळी रीम मॉल. चार-सहा किलोमीटर जाईपर्यंत इंजिन नीट तापतही नाही आणि एसी मात्र पहिल्या मिनिटापासून जीव तोडून चालू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने म्हटलंय की अतिउष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज पंचवीस टक्क्यांहूनही जास्त पडू शकतं. आपल्याकडे मे ते सप्टेंबर "अतिउष्ण"च असतं.

हायवेचं म्हणाल तर दुबईकडे जाताना १४० ची मर्यादा आहे म्हणून सगळे १४० ला टेकूनच चालवतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे अकरावीचं फिजिक्स. १०० च्या जागी १४० ने गेलात तर विरोध जवळजवळ दुप्पट. म्हणजे जे काही हायवेवर कमवायचं ते आपण उजव्या पायाने घालवतो.

म्हणून हिशेबाला लिटरला साडेसात किलोमीटर धरू. वर्षाला ८,००० किमी. पेट्रोल लागलं साधारण १,०६७ लिटर. २०२५ मध्ये स्पेशल ९५ चा भाव वर्षभर अडीच दिरहमच्या आसपासच फिरत होता, आपण २.६० धरू. खर्च: २,७७५ दिरहम.

आता तेवढ्याच किलोमीटरला एखादी छोटी सेडान लिटरला १४ देते असं धरू. तिला ५७१ लिटर, म्हणजे १,४८५ दिरहम.

फरक वर्षाला १,२९० दिरहम, महिन्याला शंभर-सव्वाशे. चार जणांचं एकदा बाहेर जेवण.

कोणी म्हणेल, भाव वाढले तर? इथे १ ऑगस्ट २०१५ पासून सरकारने भाव बाजाराशी जोडले, तेव्हापासून दर महिन्याला नवा भाव जाहीर होतो. त्या पहिल्या महिन्यात स्पेशल २.१४ होतं. जुलै २०२२ मध्ये ४.५२ झालं होतं. त्या महागड्या भावाने वर्षभर पेट्रोल भरलं असतं तरी वरचा फरक वर्षाला सव्वादोन हजारांवर गेला असता, महिन्याला पावणेदोनशे-दोनशे. टोचेल, पण त्याने कोणी बुडत नाही. उलट मुंबईत २०२५ मध्ये लिटरला १०३ रुपयांच्या वर मोजावे लागत होते, आणि इथले २.६० दिरहम म्हणजे साठ-बासष्ट रुपये. तिकडे "ॲव्हरेज किती" हा पहिला प्रश्न असणं समजू शकतो. इथे आपण तो फक्त सवयीने विचारतो.


२) वाचवायचंच तर पंपावर वाचवू नका

पेट्रोलबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे कुठलं भरायचं. इथल्या पंपावर ९१, ९५ आणि ९८ लिहिलेलं असतं, ते आरओएन या मापाचे आकडे. अमेरिकेत वेगळं माप चालतं, एकेआय. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या गाडीच्या झाकणावर "९१ प्रीमियम" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आपलं ई-प्लस ९१ नव्हे. अमेरिकन ९१ म्हणजे साधारण आपलं ९५-९६. आपलं ९१ हे त्यांचं ८७, म्हणजे तिथलं सगळ्यात साधं पेट्रोल. इथल्या सेकंडहँड बाजारात अमेरिकेतून आलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि झाकणावरचा आकडा बघून निष्ठेने ई-प्लस भरणारे इंजिनिअर मी पाहिलेत.

हलकं पेट्रोल भरलं की इंजिन नॉक होऊ नये म्हणून कॉम्प्युटर टायमिंग मागे ओढतो, पिकअप पडतो, तेल जास्त जातं. आणि एवढं करून वाचतं किती? २०१५ च्या ऑगस्टमध्ये सुपर ९८ आणि स्पेशल ९५ मध्ये ११ फिल्सचा फरक होता, जुलै २०२२ मध्येही ११ च फिल्स. ई-प्लस त्याच्याही खाली ७-८ फिल्स. म्हणजे वर्षाच्या १,०६७ लिटरला सुपरवरून ई-प्लसवर आलात तरी दोनशे दिरहमच वाचणार. दोनशे दिरहमसाठी त्या इंजिनाचे हाल करू नका. मॅन्युअलमध्ये असेल ते भरा, विषय संपला.


३) म्हातारपण किलोमीटरमध्ये मोजत नाहीत

आता खऱ्या खर्चाकडे येऊ. सेकंडहँड गाडी बघताना आपला सगळा जीव ओडोमीटरमध्ये. "अवघी ८० हजार चालली आहे!" अमेरिकन गाडी असेल तर आधी बघा की ते ८० हजार मैल आहेत का. मैल असतील तर झाले १ लाख २८ हजार किलोमीटर. पण समजा खरोखर कमी चालली आहे. ती काही फार आनंदाची बातमी नाही, कारण या हवेत गाडी उभ्या-उभ्याही झिजते.

टायर घ्या. यूएईत टायर पाच वर्षांपेक्षा जुना झाला की त्यावर कितीही नक्षी शिल्लक असली तरी तो बाद. टायरच्या कडेला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१, म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मुदत संपलेल्या टायरवर पकडलं तर ५०० दिरहम दंड, चार ब्लॅक पॉइंट आणि गाडी आठवडाभर जप्त. नियम कडक वाटतो, पण उन्हाळ्यात भाजलेल्या रस्त्यावर १२० च्या वेगात टायर फुटल्यावर काय होतं ते बघितलेला माणूस तक्रार करत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये पुढचे आणि मागचे टायर बहुतेक वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही. मागचे झिजून जातात, पुढचे वयाने जातात, दोन्हीकडून आपणच.

बॅटरी इथे दोन-तीन उन्हाळे काढते. बेसमेंटमध्ये गाडी आठवडे-आठवडे उभी राहिली तर तेवढेही नाहीत. मग रबर आणि प्लॅस्टिक: इंजिनाची माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे होजपाइप, कूलंटची टाकी. हे सगळं उष्णतेने कडक होतं, तडकतं. यातली एकेक वस्तू स्वस्त असते, पण ती जिथे बसवलेली असते तिथे हात जात नाही, म्हणून मजुरी वस्तूच्या चौपट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक असलेल्याच कोणीतरी काढली असावी.

म्हणूनच इथे "जीसीसी स्पेक" या दोन शब्दांना भाव आहे. आखातासाठी बनवलेल्या गाडीत गार ठेवण्याची व्यवस्था, एसी, धुळीची फिल्टरं जास्त ताकदीची असतात. अमेरिकेत अपघात होऊन लिलावात निघालेली, इथे आणून चकाचक केलेली गाडी पाच-सात हजारांनी स्वस्त मिळते. ते पाच-सात हजार पहिल्या-दुसऱ्या ऑगस्टमध्ये वसूल होतात, तुमच्याकडून.

प्रत्येक गाडीचं आपलं एक दुखणंही असतं, ते घेण्याआधी वाचून ठेवावं. मझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन अवघं १.३ लिटरचं, म्हणून काटकसरी असेल असं वाटतं. ते पेट्रोल ३५० झी सारखंच पितं आणि वर ऑइलही जाळतं, कारण आतल्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दामच जाळायची त्याची रचना आहे. बॉक्सस्टर आणि बऱ्याच ९११ गाड्यांमध्ये २००८ पर्यंत आयएमएस नावाचं एक बेअरिंग होतं. ते गेलं की इंजिन गेलं. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या मानाने एमएक्स-५ साधी, हलकी, भाग मुबलक. मला विचाराल तर हौस आणि अक्कल दोन्ही शाबूत ठेवून घेण्यासारखी तीच. ३५० झी चं इंजिन दणकट आहे, पण ज्यांनी आधी घेतली ते सगळे माझ्यासारखेच गेम खेळून आलेले होते, हे लक्षात ठेवून गाडी नीट तपासून घ्या.


४) पासिंग, विमा आणि पार्किंग

नवी गाडी पहिली तीन वर्षं सोडली तर दर वर्षी पासिंग करावं लागतं, मग मुल्किया नवी होते. गाडी मोडिफाय केलेली असेल (आणि या गाड्या बहुतेक असतातच) तर आधीच्या मालकाने लावलेला एक्झॉस्ट, खाली केलेली स्प्रिंग, काळ्या काचा हे सगळं पासिंगच्या दिवशी तुमच्या नावावर निघतं. मग मुसाफाच्या गॅरेजला चकरा. रीमवरून मुसाफा पंचवीस-तीस किलोमीटर, वाटेत गर्दीच्या वेळी दर्बचा टोल ४ दिरहम. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची रोजची कमाल मर्यादाही काढून टाकलीय आणि संध्याकाळची गर्दीची वेळ ३ ते ७ केलीय. पैशापेक्षा जास्त जाते ती सुट्टी.

विम्याचं असं, की गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की पुष्कळ कंपन्या कॉम्प्रिहेन्सिव्ह द्यायला तयार नसतात. थर्ड पार्टी मिळतो. तो स्वस्त वाटतो, पण त्याचा अर्थ असा की उद्या आपल्या चुकीने गाडी ठोकली तर आपली गाडी शून्य. हे गाडी घेण्याआधी मनाला विचारून ठेवायचं: ही सगळी रक्कम एका संध्याकाळी गेली तर चालेल का?

पार्किंग हा रीमचा खास विषय. टॉवरखालचं झाकलेलं बेसमेंट म्हणजे जुन्या गाडीला वरदानच, ऊन लागत नाही. पण एक-दोन बेडरूमच्या बऱ्याच भाडेकरारांत जागा एकच. दुसरी गाडी घेतलीत तर दुसऱ्या जागेचं भाडं. आणि हीच एकमेव गाडी म्हणून घेतलीत तर घरात मूल आहे का ते बघा. इथे दहा वर्षांखालच्या, १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. दोन सीटच्या गाडीला मागची सीट नसते. म्हणजे शाळा, दवाखाना, वाणसामान, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं, सगळ्याला टॅक्सी. तो खर्चही खरं तर गाडीच्याच खात्यात.


५) आता एक्सेल

सगळं एकत्र मांडतो. गाडी ३० हजारांना घेतली, चार वर्षं ठेवली, वर्षाला ८,००० किमी, घरात दुसरी गाडी आहे असं समजू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. वर्षाचा खर्च, दिरहममध्ये:

पेट्रोल: २,७७५
टायर (वर्षाचा वाटा): ७००
बॅटरी (वर्षाचा वाटा): २२५
ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड: १,२००
विमा, पासिंग, मुल्किया: २,०००
रबर, प्लॅस्टिक आणि अनपेक्षित कामं: ४,०००
विकताना बसणारा फटका (३० ला घेतली, घाईत १८ ला विकली, चार वर्षांत वाटून): ३,०००

एकूण १३,९००. महिन्याला साधारण साडेअकराशे, किलोमीटरला पावणेदोन दिरहम. यात पेट्रोल फक्त पाचवा हिस्सा. पार्किंगचं भाडं लागलं तर तो हिस्सा आणखी लहान.

आता गंमत बघा. "मी फक्त वीकेंडला चालवीन, म्हणजे खर्च निम्मा" असं म्हणणारे असतात. ८,००० चे ४,००० किमी करा. पेट्रोल निम्मं झालं, वाचले १,३९०. बाकीचं जवळपास तसंच. एकूण साडेबारा हजार, म्हणजे आता किलोमीटरला तीन दिरहमच्या वर! गाडी कमी चालवल्याने ती स्वस्त होत नाही, फक्त तिची मजा महाग होते. म्हणून घ्यायचीच तर चालवा हो. कव्हर घालून बेसमेंटमध्ये ठेवण्यासाठी घेऊ नका.


६) शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची

वरच्या यादीतली शेवटची ओळ परत वाचा. विकतानाचा फटका हा पेट्रोलपेक्षा मोठा आहे, आणि या एका ओळीबद्दल कोणीच विचारत नाही.

गावाकडे जुनी गाडी घरातल्या माणसासारखी राहते. नोकरी गेली तरी ती पत्र्याच्या शेडखाली उभी राहते, ओळखीचा मेकॅनिक उधारीवर काम करतो, दिवस फिरले की परत रस्त्यावर येते. इथे तसं नाही. इथे आपलं राहणंच नोकरीला बांधलेलं. व्हिसा रद्द झाला की घड्याळ सुरू. पूर्वी सरसकट ३० दिवस मिळायचे, २०२२ च्या बदलांनंतर व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे ६० ते १८० दिवस मिळतात, हे चांगलं झालं. पण त्याच दिवसांत घराचा करार मोडायचा, मुलांच्या शाळेचा दाखला, बँक, सामान आणि नवी नोकरी शोधायची. त्यात गाडी विकायची म्हणजे आधी सगळे दंड भरायचे, कर्ज असेल तर फेडायचं, पासिंग करायचं, आणि मग गिऱ्हाईक शोधायचं.

कोरोला, कॅमरी म्हणजे सोनं. कधीही मोडता येतं, घट फार येत नाही. इथे नाही तर बाहेरच्या देशांत पाठवणारे व्यापारी उचलतात. पंधरा वर्षांच्या मॅन्युअल गिअरच्या दोन सीटच्या गाडीला गिऱ्हाईक असतं, नाही असं नाही, पण ते तुमच्यासारखंच एखादं खुळं असावं लागतं, आणि ते नेमकं त्याच महिन्यात भेटायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये, अर्धं शहर सुट्टीला गेलेलं असताना, तर विचारूच नका. समोरच्याला तुमच्या तिकिटाची तारीख कळली की भाव तो ठरवतो.

"मग भारतात घेऊन जाईन" हाही पर्याय नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या बाजूच्या स्टीअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते. इथली गाडी डाव्या स्टीअरिंगची आणि पंधरा वर्षांची. दोन्हीत नापास. ड्युटीची गोष्ट तर पुढची.

आणि "ती क्लासिक होईल, भाव चढेल" हे मनाचं समाधान आहे. काही जपानी गाड्यांचे भाव चढलेही. पण भाव चढण्याची वाट बघायला वेळ लागतो, आणि वेळ हीच एक गोष्ट आपल्या व्हिसावर लिहून दिलेली नाही.

२००८-०९ ची मंदी ज्यांनी इथे काढली त्यांना आठवत असेल. दुबईच्या विमानतळावर लोक गाड्या सोडून देश सोडताहेत अशा बातम्या जगभर छापून आल्या होत्या. नेमक्या किती गाड्या होत्या यावर तेव्हाही वाद झाला, पण मुद्दा वादाचा नाही. त्या लोकांच्या गाड्या कमी ॲव्हरेज देत होत्या म्हणून त्यांनी सोडल्या नाहीत. गाडीवर कर्ज होतं, विकायला वेळ नव्हता आणि विकत घ्यायला कोणी नव्हतं.


७) मग घ्यावी का?

माझं उत्तर: काही जणांनी जरूर घ्यावी. मी हौसेच्या विरुद्ध नाही. आयुष्यभर ईएमआय आणि एसआयपी करत चाळिशी गाठायची आणि मग गुडघे दुखतात म्हणून खाली वाकून गाडीत बसता येत नाही म्हणायचं, यातही काही शहाणपण नाही. रात्री नऊनंतर सादियातवरून यासकडे जाणारा रस्ता, नोव्हेंबरची हवा, काच खाली आणि हातात खराखुरा गिअर. याचा हिशेब एक्सेलमध्ये बसत नाही हे मलाही मान्य.

पण कसोटी ॲव्हरेजची नको. माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: गाडीची पूर्ण किंमत उद्या शून्य झाली तर गावाकडच्या घराचा हप्ता, आई-वडिलांचं औषधपाणी, मुलांची फी यातलं काही अडेल का? अडत असेल तर गाडी लिटरला वीस देत असली तरी परवडत नाही. अडत नसेल तर सहा दिली तरी परवडते.

दुसरा: रोख घेता येते का? इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, मग लोक पर्सनल लोन काढतात. गाडी विकली गेली तरी ते कर्ज मागे राहतं. हौस रोखीनेच करावी, आणि गाडीच्या किमतीच्या तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवून करावी.

तिसरा: जायची वेळ आली तर किती दिवसांत आणि किती कमी भावात विकायची तयारी आहे? तो आकडा गाडी घेण्याच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा. वेळ आली की त्यावर घासाघीस करायची नाही, द्यायची आणि मोकळं व्हायचं.

तिन्हीची उत्तरं बरी येत नसतील तर यास मरिना सर्किटवर पैसे भरून गाडी हाकता येते. तिथे कॅमेऱ्याची भीती नाही, टायर त्यांचे, इंजिन त्यांचं. वर्षातून दोनदा गेलात तरी वरच्या १३,९०० च्या बऱ्याच खाली राहाल. (अबू धाबीत मर्यादेवरची वीस किलोमीटरची सवलत २०१८ च्या ऑगस्टमध्येच गेली, त्यामुळे रस्त्यावर त्या तीनशे घोड्यांपैकी बहुतेक तसेही बांधलेलेच राहतात.)

आपल्यात म्हणतात हौसेला मोल नाही. ते अनमोल या अर्थाने ठीक आहे. पण मोल असतं, आणि हिशेबात ते "हौस" या नावानेच लिहावं. "गुंतवणूक" म्हणून लिहू नये, आणि "पेट्रोल" म्हणून तर मुळीच नाही. ज्याने ते आधीच मोजून बाजूला ठेवलंय त्याला ॲव्हरेज विचारून छळू नका. आणि ज्याने मोजलेलं नाही त्याला ॲव्हरेज सांगून फसवू नका.

फार लांबलं. ज्यांच्याकडे असली गाडी आहे, किंवा होती आणि जाताना विकावी लागली, त्यांनी आपले आकडे जरूर कळवावेत, विशेषतः विकतानाचे. एमएक्स-५ वाल्यांनी जरा जास्तच सविस्तर.

कळावे,
आपला,
एक रीमकर